मदत हवी आहे : ‘हूड टू कोस्ट’ रिलेमधील उताराचा पहिला टप्पा आणि त्यानंतरचे दोन टप्पे

नमस्कार.

ऑगस्टच्या अखेरीस ओरेगन राज्यात होणाऱ्या ‘हूड टू कोस्ट’ या रिले शर्यतीत आमच्या मित्रमंडळींचा बारा जणांचा संघ उतरणार आहे. पहिल्या क्रमांकावर धावणाऱ्या मित्राच्या पायाच्या हाडाला बारीक चीर गेल्यामुळे त्याची जागा माझ्याकडे आली असून, त्या संदर्भात अनुभवी मंडळींचा सल्ला हवा आहे.

ज्यांना ही शर्यत परिचित नाही त्यांच्यासाठी थोडी माहिती देते. माउंट हूड पर्वतावर सुमारे ६,००० फूट उंचीवर असलेल्या टिंबरलाइन लॉजपासून ती सुरू होते आणि पोर्टलंड शहर ओलांडून, किनाऱ्यालगतच्या डोंगररांगांमधून जात, सीसाइड येथे पॅसिफिक महासागराच्या वाळूवर संपते. अंतर जवळजवळ २०० मैल, म्हणजे ३२० किलोमीटरच्या आसपास भरते. १९८२ साली अवघ्या ८ संघांनिशी ती सुरू झाली होती. आता प्रवेशासाठी सोडत काढावी लागते. मार्गाचे ३६ टप्पे असतात. बारा जणांच्या संघात प्रत्येकाच्या वाट्याला तीन टप्पे येतात आणि धावण्याचा क्रम तिन्ही वेळा तोच राहतो. सहा-सहा धावकांच्या दोन व्हॅन असतात. एका व्हॅनमधील मंडळी धावत असताना दुसऱ्या व्हॅनमधील मंडळींनी जेवून घ्यायचे आणि जमले तर झोपायचे. बॅटनऐवजी मनगटावर फटकन गुंडाळली जाणारी एक पट्टी पुढच्याच्या हाती द्यायची असते.

माझ्या वाट्याला पहिला, तेरावा आणि पंचविसावा टप्पा आला आहे. तिन्ही मिळून अंतर पंधरा ते सतरा मैलांच्या दरम्यान आहे आणि अंतराची मला चिंता नाही, कारण अर्धमॅरेथॉन मी नियमितपणे धावते. चिंता आहे ती पहिल्या टप्प्याची. लॉजपासून गव्हर्नमेंट कॅम्प या वस्तीपर्यंत साडेपाच मैलांहून थोडे अधिक अंतर असून तेवढ्यात रस्ता सुमारे २,००० फूट खाली उतरतो. आपल्याकडच्या मंडळींना अंदाज यावा म्हणून सांगते : पाचगणीहून पसरणी घाटाने वाईला उतरताना जेवढी उंची कमी होते, साधारण तेवढीच येथे त्याहून कमी अंतरात कमी होते, आणि तीही धावत. मी राहते त्या पोर्टलंडजवळच्या हिल्सबरोचे रस्ते मात्र सपाट आहेत.

आमच्या अंदाजानुसार संघाला ३१ तास लागतील. शुक्रवारी सकाळी सहाला सुरुवात मिळाली, तर माझा दुसरा टप्पा पोर्टलंडच्या उन्हात दुपारी चारच्या सुमारास येईल आणि तिसरा मध्यरात्र उलटून गेल्यावर, अडीच-तीनच्या दरम्यान, मिस्ट नावाच्या आडगावाच्या पुढे, जेथे रस्त्यावर दिवे नाहीत आणि मोबाइललाही भरवशाची रेंज नाही. म्हणजे उतारावर मांड्या पिळून निघाल्यानंतर त्याच पायांनी मला आणखी दोनदा धावायचे आहे, आणि मधला बराचसा वेळ व्हॅनमध्ये पाय दुमडून बसायचे आहे.

माझे प्रश्न असे आहेत. साधारण सहा-सात आठवडे हाताशी असताना उताराची तयारी नेमकी कशी करावी, आणि शर्यतीच्या किती दिवस आधी ती थांबवावी? पहिल्या टप्प्यात उताराचा फायदा घेऊन वेळ कमवावा, की मुद्दाम हात राखून धावावे? आमच्या कर्णधारांचे मत ‘मिळतील ती मिनिटे घे’ असे आहे. मला ते पटत नाही, परंतु माझ्या मताला अनुभवाचा आधार नाही. तिसरा प्रश्न खाण्याचा : मी शाकाहारी आहे आणि साखरेची जेल माझ्या पोटाला मानवत नाहीत, तेव्हा दोन टप्प्यांच्या मध्ये काय खावे?

शर्यतीच्या मार्गाजवळ राहणाऱ्या संघांना स्वतःचे स्वयंसेवक द्यावे लागतात, ती सोय झाली आहे. यंदा गणपती सप्टेंबरच्या मध्यावर असल्यामुळे मंडळाच्या तालमींशीही गाठ पडत नाही. त्यामुळे न येण्यासाठी कोणतेही कारण शिल्लक राहिलेले नाही!

प्रतिसाद : उताराचे गणित

ताई, मी साताऱ्याचा. आमच्याकडच्या हिल मॅरेथॉनमध्ये यवतेश्वरचा घाट आधी चढायचा आणि मग तोच उतरायचा असतो. दरवर्षी बाहेरगावचे धावक चढाची धास्ती घेऊन येतात आणि घरी जाताना मात्र उतारामुळे जिना एकेक पायरी धरून उतरतात.

याचे कारण समजून घेतलेत तर तयारी आपोआप सुचेल. उतारावर प्रत्येक पावलाला मांडीच्या पुढच्या भागातील स्नायू ताणले जात असतानाच ब्रेक लावण्याचे काम करतात, आणि अशा कामाने स्नायूंच्या तंतूंना सूक्ष्म इजा होते. ठणका यायला वेळ लागतो. तो साधारणपणे दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वाधिक असतो, म्हणजे तोपर्यंत आपण सीसाइडहून घरी परतलेल्या असाल. मात्र स्नायूंची ताकद लगेचच कमी होते. दुपारी चार वाजता पाय दुखणार नाहीत कदाचित, पण ते ‘रिकामे’ वाटतील. त्यामुळे पहिल्या टप्प्यात कमावलेली मिनिटे दुसऱ्या आणि तिसऱ्या टप्प्यात व्याजासकट परत करावी लागतात. कर्णधारांना हे माझ्या नावाने सांगायला हरकत नाही.

समाधानाची बाब अशी की या इजेला शरीर फार लवकर सरावते. उतारावर एकदा बेताने धावले आणि स्नायूंना भरून यायला अवधी दिला, की पुढच्या वेळी त्याच उताराने होणारा त्रास लक्षणीयरीत्या कमी होतो आणि हे संरक्षण काही आठवडे टिकते. म्हणून दर आठवड्याला उतार धावण्याची गरज नाही. दहा-बारा दिवसांच्या अंतराने तीन किंवा चार वेळा धावा. पहिल्या वेळी फक्त दीड-दोन मैल, नंतर वाढवत चार मैलांपर्यंत. शेवटचा उतार शर्यतीच्या दोन आठवडे आधी, त्यानंतर नाही. मधल्या दिवसांत पायरीवरून एका पायाने सावकाश खाली उतरण्याचा व्यायाम करावा. तीन-चार सेकंद मोजत खाली यावे.

धावताना पावले आखूड आणि भराभर ठेवा. पाऊल शरीराच्या पुढे लांबवर टाकले की टाच आपटते आणि तोच ब्रेक गुडघ्यापर्यंत पोहोचतो. मागे रेलू नका. कमरेतून नव्हे, तर घोट्यातून किंचित पुढे झुका. बुटांच्या नाड्या वरच्या भोकापर्यंत घट्ट बांधा आणि पायाची नखे तीन-चार दिवस आधी कापून घ्या, नाहीतर अंगठ्याचे नख काळे झालेच म्हणून समजा.

वेगाबद्दल माझे मत असे : श्वास सहज चालतो आहे म्हणून वेग योग्य आहे असे उतारावर मानू नये, कारण तेथे दम लागतच नाही. सपाटीवरील आपल्या दहा किलोमीटरच्या वेगापेक्षा अधिक जोराने जाऊ नका आणि पहिला मैल तर त्याहूनही सावकाश. सकाळी सहाला त्या उंचीवर चांगलीच थंडी असणार, त्यामुळे निघण्यापूर्वी पंधरा मिनिटे चालून आणि हलके धावून अंग गरम करून घ्या.

प्रतिसाद : व्हॅनमधील तासांविषयी

मी बीव्हरटनला राहते आणि दुसऱ्या व्हॅनमधून ही शर्यत धावले आहे. वरील प्रतिसादाशी सहमत आहे. सरावासाठी आपल्या जवळची जागा सुचवते : फॉरेस्ट पार्कमधील सॉल्टझमन रोड. तेथे मोटारी नसतात आणि खडीची वाट असल्यामुळे पहिल्या सरावाला ती सोसवते. शेवटचा एखादा सराव मात्र डांबरी रस्त्यावर करावा, कारण पहिला टप्पा डांबरीच आहे. काउन्सिल क्रेस्टच्या आसपासचे रहदारी नसलेले रस्ते त्यासाठी चालतील. फॉरेस्ट पार्कमधीलच लेफ एरिक्सन ड्राइव्ह ही वाट सुंदर आहे, पण या कामासाठी तिचा उतार फारच सौम्य पडतो.

खाण्याबाबत माझा नियम असा आहे की टप्पा संपल्यावर तासाभरात पोटभर, आणि पुढच्या टप्प्याआधीच्या दोन तासांत फक्त हलके. आपला दुसरा टप्पा चारला असेल तर मुख्य जेवण सकाळी, आपल्या व्हॅनचे सहाही टप्पे संपल्यावर, म्हणजे अकराच्या सुमारास घ्यावे. आमच्या व्हॅनमध्ये मऊ मेतकूट-भात आणि दहीभात असे दोन डबे होते. दहीभात मात्र बर्फाच्या पेटीतच ठेवावा, ऑगस्टच्या उन्हात व्हॅनची भट्टी होते. दशमी, खजूर, केळी, राजगिऱ्याचे लाडू आणि उकडून मीठ लावलेले बटाटे हे सगळे उत्तम चालले. पुऱ्या, चिवडा आणि तळलेले पदार्थ सीसाइडसाठी राखून ठेवावेत. पाण्याच्या बाटलीत लिंबू, साखर आणि मीठ घातलेले सरबत जेलचे काम करते, परंतु तेही सरावाच्या दिवसांत पिऊन पाहावे. वेदनाशामक गोळ्या मध्ये घेऊ नका. शरीरातील पाणी कमी झालेले असताना आयबुप्रोफेनसारख्या गोळ्यांचा भार मूत्रपिंडांवर पडतो.

झोपेची अपेक्षा ठेवू नये, आडवे होण्याची ठेवावी. आपल्या व्हॅनचे दुसरे सहा टप्पे रात्री सव्वानऊच्या सुमारास संपतील आणि तिसरा टप्पा अडीचला येईल. त्यामधला प्रवास वजा केला तर दीड-दोन तास हातात राहतात. एक चटई, एक झोपण्याची पिशवी आणि कानात घालायचे बोळे घेऊन व्हॅनबाहेर गवतावर सरळ पाय पसरून पडावे. चहा-कॉफी दुपारनंतर बंद ठेवून रात्री दोनला घ्यावी. प्रत्येक टप्प्याचे कपडे वेगवेगळ्या प्लॅस्टिकच्या पिशवीत भरून वर क्रमांक लिहावा आणि वापरलेले कपडे त्याच पिशवीत बांधून टाकावेत. सहा जणांच्या घामाचा वास हा या शर्यतीतील सर्वांत अवघड टप्पा आहे.

धागाकर्तीचा प्रतिसाद

दोघांचेही मनापासून आभार. काकांचा परिच्छेद कर्णधारांना जसाच्या तसा पाठवला. ‘बघू’ असे उत्तर आले आहे, म्हणजे निम्मे काम झाले. येत्या शनिवारी सॉल्टझमन रोडवर दोन मैलांपासून सुरुवात करते.

एक शंका उरली. रात्री दीड-दोन तास आडवे पडल्यानंतर पाय लाकडासारखे आखडणार. थंडीत, अंधारात, ते मोकळे कसे करायचे? शिवाय रेंज नसताना आमच्या दुसऱ्या व्हॅनमधील धावक केव्हा पोहोचेल हे कसे कळावे? लवकर उठून उभे राहिले तर अंग पुन्हा गार पडते.

प्रतिसाद : तिसरा टप्पा

वेळेचा प्रश्न कागदाने सुटतो. प्रत्येक धावकाचा अंदाजे वेग आणि टप्प्याचे अंतर धरून एक तक्ता छापून दोन्ही व्हॅनमध्ये ठेवा आणि सेंट हेलेन्स या गावी दोन्ही व्हॅन भेटतात तेव्हा, म्हणजे अठराव्या टप्प्याच्या शेवटी, प्रत्यक्ष वेळेनुसार तो पेनाने दुरुस्त करा. तेथून पुढे सहा टप्प्यांत फार तर दहा-पंधरा मिनिटांचा फरक पडतो.

तक्त्यातील वेळेच्या चाळीस मिनिटे आधी उठावे. पहिली दहा मिनिटे लोकरी टोपी आणि जाकीट घालून नुसते चालावे. ताणून धरण्याचे व्यायाम करू नयेत, दुखावलेल्या स्नायूंना ते सोसत नाहीत. त्यानंतर पाय पुढे-मागे झुलवणे, गुडघे उचलून जागच्या जागी चालणे आणि शेवटी दोन-तीनदा पन्नास पावले हलके धावणे. जाकीट शेवटच्या क्षणापर्यंत अंगावर राहू द्या आणि ते धरायला व्हॅनमधील एकाला सोबत उभे करा. परावर्तक जाकीट आणि डोक्यावरचा दिवा रात्री सक्तीचे आहेत. दिव्याचे सेल नवे घाला आणि एक जोडी खिशात असू द्या. हातात आणखी एक छोटी विजेरी घेतली तर रस्त्याचे खाचखळगे अधिक स्पष्ट दिसतात, कारण डोक्यावरच्या दिव्याच्या उजेडात सावल्या पडत नाहीत आणि सगळा रस्ता सपाटच भासतो.

पहिला अर्धा मैल पाय ऐकणार नाहीत. तेवढे अंतर चालण्याहून थोड्याच अधिक वेगाने काढा, मग ते सुटतात.