घाबरवून पटवावे की मोजून दाखवावे? हवामान बदलाच्या प्रचाराविषयी

नीरक्षीर (धागाकर्ता):

डिसेंबर २०१७ मध्ये हाडांचा सापळा उरलेल्या एका ध्रुवीय अस्वलाची चित्रफीत जगभर पसरली. लोंबत्या कातडीचे ते अस्वल मागचे पाय ओढत चालते आणि कचऱ्याच्या पिंपात तोंड घालून काही खायला मिळते का ते शोधते, एवढेच तिच्यात दिसत होते. खाली मजकूर होता, ‘हवामान बदल म्हणजे हा असा’. पुढच्या वर्षी ती दाखवणाऱ्या ‘नॅशनल जिओग्राफिक’ मासिकाने मान्य केले की या एका अस्वलाच्या उपासमारीचा हवामान बदलाशी असा थेट संबंध जोडण्यात अतिरेक झाला; अस्वल आजारी होते की जायबंदी, हे ठरवायला काहीच आधार नव्हता. अर्थात ही कबुली मूळ चित्रफितीइतकी कोणी पाहिली नाही, पण ज्यांना ती हवी होती त्यांनी मात्र ती नेमकी जपून ठेवली.

माझा आक्षेप विज्ञानावर नाही. हवाई बेटावरील मौना लोआ वेधशाळेत १९५८ साली नोंदी सुरू झाल्या तेव्हा हवेच्या दर दहा लाख भागांत कार्बन डायऑक्साइडचे सुमारे ३१५ भाग होते, आज ते ४२० च्या वर आहेत आणि ही वाढ जीवाश्म इंधनांमुळे आहे याबद्दल आता वाजवी शंका उरलेली नाही. आक्षेप आहे तो शास्त्रीय अहवाल आणि रस्त्यावरची घोषणा यांच्यामधल्या प्रवासावर, कारण त्या प्रवासात प्रत्येक टप्प्यावर एकेक अट गळून पडते. संयुक्त राष्ट्रांच्या आंतरशासकीय समितीने (आयपीसीसी) २०१८ मध्ये म्हटले होते की तापमानवाढ १.५ अंशांवर रोखायची असेल, तर २०३० पर्यंत कार्बन डायऑक्साइडचे निव्वळ उत्सर्जन २०१० च्या तुलनेत सुमारे ४५ टक्क्यांनी घटवावे लागेल. मथळ्यांत त्याचे झाले, ‘पृथ्वी वाचवायला बारा वर्षे उरली’. मूळ विधानात एक लक्ष्य होते आणि ते गाठण्याची अट होती. घोषणेत उरली ती नुसती मुदत. मुदत टळली आणि जग जागेवरच दिसले, की माणूस घोषणेबरोबर अहवालही केराच्या टोपलीत टाकतो.

अग्निशिखा:

धाग्यातील तपशील मान्य, निष्कर्ष साफ अमान्य. जनतेच्या मनातील संशय कार्यकर्त्यांच्या अतिशयोक्तीतून उगवला, असे आपण सुचवीत आहात; प्रत्यक्षात त्याची पद्धतशीर लागवड झालेली आहे. ‘शंका हेच आमचे उत्पादन’ हे वाक्य १९६९ सालच्या एका तंबाखू कंपनीच्या अंतर्गत टिपणातले आहे, आणि तीच युक्ती पुढे तेल उद्योगाने उचलली. एक्झॉनच्या स्वतःच्या शास्त्रज्ञांनी १९७० च्या दशकापासून वर्तवलेली तापमानवाढ बरीचशी अचूक निघाली, हे २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणातून दिसले. बाहेर मात्र हीच कंपनी अनिश्चिततेचे पाढे म्हणत होती. एका बाजूला इतका पैसा ओतला जात असताना दुसऱ्या बाजूने प्रत्येक वाक्याला चार तळटीपा लावाव्यात, ही अपेक्षा मला सोवळेपणाची वाटते.

भीतीविषयीही थोडे. घराला आग लागली असता धुराचे प्रमाण मोजून सांगणारा शेजारी काय कामाचा?

संशयात्मा:

तेल कंपनीकडून मला छदामही मिळालेला नाही, हे आधीच सांगून टाकतो, कारण या विषयावर प्रश्न विचारणाऱ्याला पहिला सवाल त्याच्या खिशाबद्दल केला जातो. अग्निशिखा यांच्या प्रतिसादाचा निम्मा भाग त्याच जातीचा आहे. कंपन्या खोटे बोलल्या म्हणून त्यांचे विरोधक आपोआप खरे ठरत नाहीत.

‘९७ टक्के शास्त्रज्ञ सहमत’ हे वाक्य सर्वांनी ऐकलेले आहे. २०१३ च्या ज्या पाहणीवरून ते आले, तिच्यात सुमारे बारा हजार शोधनिबंधांचे सारांश तपासले होते आणि त्यांपैकी जवळजवळ दोन तृतीयांश सारांशांत मानवी कारणाविषयी कोणतीच भूमिका नव्हती. ९७ टक्के हे उरलेल्यांपैकी आहेत. हे कोणी सांगते का? दुसरे उदाहरण हिमालयाचे. २०३५ पर्यंत तेथील हिमनद्या नष्ट होण्याची दाट शक्यता आहे, असे आयपीसीसीच्या २००७ च्या अहवालात छापले गेले. हिमनद्यांचे मागे हटणे असाधारण असल्याचे सिद्ध झालेले नाही, असे मत मांडणारा अहवाल २००९ मध्ये भारत सरकारने प्रसिद्ध केला, तेव्हा समितीचे तत्कालीन अध्यक्ष राजेंद्र पचौरी यांनी त्याची ‘वूडू विज्ञान’ (म्हणजे जादूटोण्याचे विज्ञान) म्हणून संभावना केली. जानेवारी २०१० मध्ये समितीला २०३५ चे विधान निराधार असल्याचे मान्य करावे लागले. चूक कोणाच्याही हातून होते. मला खटकतो तो तोवर चढलेला स्वर.

नीरक्षीर:

संशयात्मा, दोन्ही उदाहरणे खरी आहेत, पण आपण ती अर्धीच सांगितली. भूमिका न घेणाऱ्या सारांशांना विरोधी किंवा साशंक समजणे चूक आहे. प्रस्थापित गोष्ट सारांशात पुन्हा सांगण्याची गरज लेखकांना वाटत नाही. त्याच पाहणीत लेखकांना स्वतःच्याच पूर्ण निबंधाचे वर्गीकरण करायला सांगितले होते, तेव्हाही भूमिका घेणाऱ्या निबंधांत सहमतीचे प्रमाण ९७ टक्क्यांच्याच आसपास आले. हिमनद्यांची चूकही हिमनद्यांच्याच अभ्यासकांनी उघड केली, आणि त्या वितळत आहेत या मुख्य निष्कर्षाला तिने धक्का लागला नाही. स्वराबद्दल मात्र आपल्याशी पूर्ण सहमत.

अग्निशिखा यांना उत्तर म्हणून रिचर्ड मुलर यांचे उदाहरण देतो. कॅलिफोर्नियातील बर्कले विद्यापीठाचे हे भौतिकशास्त्रज्ञ तापमानाच्या नोंदींवर जाहीर शंका घेत असत. शहरांच्या उष्णतेमुळे आकडे फुगतात का, हवामान केंद्रे सोयीने निवडली आहेत का, असे त्यांचे रास्त प्रश्न होते. त्यांनी नव्याने गट उभारला, त्याच्या निधीचा काही भाग तर तेल उद्योगातील कोक कुटुंबाशी संबंधित प्रतिष्ठानाकडून आला, आणि सगळा हिशेब मुळापासून केल्यावर २०१२ मध्ये मुलर यांनी जाहीर केले की तापमानवाढ खरी आहे आणि ती जवळजवळ पूर्णपणे मानवनिर्मित आहे. त्यांचे मत अस्वलाने बदलले नाही. शंकेखोराला आकडेवारी आणि ती तपासण्याची मुभा मिळाली, म्हणून ते बदलले.

अग्निशिखा:

सर्वांनी मुलर व्हावे अशी अपेक्षा ठेवून धोरण आखता येत नाही. सामान्य माणसाकडे ना वेळ, ना ती सामग्री. अंटार्क्टिकावरील ओझोनच्या घटीचा शोध १९८५ मध्ये प्रसिद्ध झाला आणि १९८७ मध्ये ओझोन नष्ट करणाऱ्या रसायनांवर बंधने घालणारा माँट्रियल करार झाला. या दोन वर्षांत लोकांनी शोधनिबंध वाचले नाहीत. आकाशाला छिद्र पडले आहे आणि त्यातून येणाऱ्या किरणांनी त्वचेचा कर्करोग होतो, इतकेच त्यांना कळले, ते घाबरले, आणि त्या भीतीचे भलेच झाले.

हिशेबनीस:

ओझोनचा दाखला येथे लागू पडत नाही. ती रसायने बनवणारे कारखानदार मोजके होते, पर्यायी रसायने दृष्टिपथात होती आणि सामान्य माणसाला फारसे काही सोडावे लागणार नव्हते. भीतीला लगेच करता येण्याजोगी कृती मिळाली म्हणून ती उपयोगी पडली. कृती हाताशी नसेल, तर घाबरलेला माणूस वर्तमानपत्राचे पान उलटतो.

खरे तर आपण तिघेही शब्दांना फार महत्त्व देत आहात. २०१० ते २०१९ या काळात सौर विजेचा खर्च सुमारे ८५ टक्क्यांनी उतरला. ज्यांना तापमानवाढ थोतांड वाटते, तेही छपरावर सौर पटल बसवतात, कारण वीजबिल कमी येते. त्यांना काहीही पटवून द्यावे लागले नाही. स्वस्त पर्याय द्या, लोक आपले आपण वळतील.

नीरक्षीर:

पर्याय स्वस्त झाला तिथे हे बरोबर आहे. पण सिमेंट, पोलाद, विमानप्रवास आणि जुन्या घरांचे तापवणे यांत तो अजून स्वस्त नाही. तिथे कर, नियम किंवा अनुदान लागते आणि या तिन्हींना लोकांची संमती लागते. फ्रान्समध्ये २०१८ च्या अखेरीस इंधनावरील वाढीव कराविरुद्ध पिवळी जाकिटे घालून लोक रस्त्यावर उतरले आणि डिसेंबरमध्ये सरकारला ती वाढ मागे घ्यावी लागली. त्यांतले अनेक जण गाडीवाचून अडणाऱ्या ग्रामीण आणि निमशहरी भागांतले होते, आणि हवामान बदल खोटा आहे अशी त्यांची घोषणा नव्हती. वाढीव उत्पन्नाचा मोठा भाग ऊर्जाबदलाकडे न जाता सर्वसाधारण अर्थसंकल्पात जाणार होता, आणि कर मात्र पृथ्वीच्या नावाने मागितला जात होता. त्यांना घाबरवायला हवे होते की स्वस्त पर्याय द्यायला हवा होता, हा वाद आपण खुशाल घालू. त्याआधी त्यांना करवाढीचा खरा हिशेब दाखवायला हवा होता, एवढे तरी आपल्या चौघांना मान्य व्हावे.

संशयात्मा:

मान्य. ९७ टक्क्यांवर मात्र मी सवडीने परत येईन.