लक्षणे कधीच नसताना हर्पिसचा संसर्ग माझ्याकडून पत्नीला कसा झाला असेल? (मदत हवी आहे)

माझे वय ३४, पत्नीचे ३१. लग्नाला या मार्गशीर्षात पाच वर्षे पूर्ण होतील. दीड महिन्यापूर्वी पत्नीला ताप आला, जांघेत अवधाण आले, लघवीच्या वेळी असह्य आग होऊ लागली आणि दोन दिवसांत जननेंद्रियाजवळ पाण्याने भरलेले फोड उठले. फोडातील स्रावाच्या पीसीआर तपासणीत एचएसव्ही-२, म्हणजे हर्पिस सिम्प्लेक्सचा दुसरा प्रकार, निघाला. त्याच आठवड्यात दोघांचे रक्तही तपासले. त्यात तिची एचएसव्ही-२ आयजीजी चाचणी निगेटिव्ह आली आणि माझी पॉझिटिव्ह. माझा निर्देशांक ७.४ आहे. मला मात्र आजवर असा एकही फोड आलेला नाही.

लग्नाआधी, सुमारे आठ वर्षांपूर्वी, नोकरीच्या गावी माझे एका मुलीशी संबंध होते आणि ते मी लग्न ठरतानाच पत्नीला सांगितले होते. लग्नानंतर बाहेर काहीही घडलेले नाही. ती माझ्यावर उघड आरोप करत नाही, पण तिचा प्रश्न सरळ आहे: आठ वर्षे जे अंगावर दिसले नाही, ते पाच वर्षांच्या संसारानंतर अचानक तिच्यापर्यंत कसे पोहोचले? माझ्याकडे याचे उत्तर नाही. शिवाय स्वतःचा रक्ताचा अहवाल निगेटिव्ह असल्याने प्रयोगशाळेनेच घोळ घातला असावा, असे तिला वाटते. घरातल्या ज्येष्ठांना 'हर्पिस' एवढाच शब्द कानी पडल्यामुळे त्यांनी नागीण समजून गेरूचा लेप सुचवला आणि नागिणीचे तोंड शेपटीला मिळू देऊ नका, अशी ताकीदही दिली. ते समजावणे मी तूर्त सोडून दिले आहे. पुढच्या वर्षी मूल व्हावे असा आमचा विचार होता, त्याचे काय, हेही जाणकारांनी सांगावे.

प्रतिसाद

मी त्वचा व गुप्तरोग विभागात काम करते. तुमच्या पत्नीला पडलेला प्रश्न आमच्याकडे येणाऱ्या बहुतेक जोडप्यांना पडतो. नागीण वेगळ्या विषाणूमुळे, कांजिण्यांच्याच विषाणूमुळे होते, तेव्हा ती बाजूला ठेवू.

पहिल्या संसर्गानंतर एचएसव्ही-२ हा विषाणू चेतातंतूंमधून वर चढतो आणि कमरेखाली, त्रिकास्थीजवळच्या चेतापेशींच्या गाठींमध्ये दडून बसतो. तिथून त्याच वाटेने तो अधूनमधून त्वचेवर उतरतो. पुष्कळदा शरीराची प्रतिकारशक्ती त्याला काही तासांतच आवरते, त्यामुळे फोड उठण्याइतकी इजा होत नाही. पण तेवढ्या काळात विषाणू त्वचेच्या पृष्ठभागावर असतो आणि संबंध आल्यास जोडीदाराकडे जाऊ शकतो. अमेरिकेत २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात एचएसव्ही-२ असलेल्या ४९८ व्यक्तींनी रोज स्वतःचे नमुने घेतले. लक्षणे येऊन गेलेल्यांमध्ये सुमारे २० टक्के दिवशी विषाणू सापडला आणि ज्यांना लक्षणे कधीच जाणवली नव्हती, त्यांच्यातही सुमारे १० टक्के दिवशी तो सापडला. हे दिवस कोणते, ते त्या माणसाला कळण्याचा काहीही मार्ग नसतो. निरोधाने धोका कमी होतो, पण निरोधाखाली न झाकल्या जाणाऱ्या त्वचेवरही विषाणू उतरत असल्यामुळे तो शून्यावर येत नाही.

पाच वर्षे काही झाले नाही, यातही नवल नाही. एकाला एचएसव्ही-२ आणि दुसऱ्याला नाही, अशा १,४८४ जोडप्यांवरील एक मोठी औषधचाचणी २००४ साली प्रसिद्ध झाली. तिच्यात खरे औषध न मिळालेल्या गटातसुद्धा आठ महिन्यांत चार टक्क्यांहून कमी जोडीदारांना संसर्ग झाला.

आता अहवालांविषयी. पीसीआर विषाणूच शोधते, तर आयजीजी त्याच्याविरुद्ध तयार झालेली प्रतिपिंडे शोधते, आणि ती तयार व्हायला काही आठवडे, कधी तीन महिनेही लागतात. त्यामुळे फोडात विषाणू आणि रक्तात प्रतिपिंडे नाहीत, हा घोळ नसून तिचा संसर्ग अगदी ताजा असल्याची खूण आहे. बारा आठवड्यांनी तिची आयजीजी पुन्हा करा. ती पॉझिटिव्ह आली की तिची शंका फिटेल. निर्देशांक १.१ ते ३ या दरम्यान असता, तर तुमचा अहवाल चुकीचा असण्याची शक्यता मी आधी धरली असती, ७.४ वर ती फारच कमी आहे. मात्र आयजीजीवरून संसर्ग झाला आहे एवढेच कळते, कधी झाला हे कळत नाही. तो आठ वर्षांपूर्वीचा असणे पूर्णपणे शक्य आहे, पण तसे सिद्ध करून देणारी तपासणी नाही, हेही तिच्यापासून लपवू नका.

मुलाविषयी तुम्हाला वाटते तेवढी काळजी नको. गरोदरपणाच्या अखेरच्या दिवसांत आईला प्रथमच संसर्ग झाला, तर बाळाला तो होण्याचा धोका ३० ते ५० टक्के असतो. आधीच संसर्ग होऊन प्रतिपिंडे तयार झालेल्या आईच्या बाबतीत तो एका टक्क्याहूनही कमी असतो. प्रसूतितज्ज्ञांना पहिल्याच भेटीत सांगा, म्हणजे ३६व्या आठवड्यापासून अ‍ॅसायक्लोव्हिर किंवा व्हॅलासायक्लोव्हिर सुरू करायचे का, ते त्या ठरवतील. आता दोघांनाही एकाच प्रकारचा विषाणू असल्यामुळे एकमेकांना पुन्हा संसर्ग होण्याची धास्ती बाळगण्याचे कारण नाही; फोड असताना तेवढे संबंध टाळा.

एक विचारते: जांघेत किंवा लिंगावर कधी बारीक चिरा, खाज, दोनचार दिवसांत आपोआप जाणारा लालसरपणा?

धागाकर्त्याचे उत्तर

मनापासून आभार. तुमचा शेवटचा प्रश्न वाचून थबकलो. दर पावसाळ्यात एकदोनदा उजव्या बाजूला ठरावीक जागी बारीक चिरा पडून चुरचुरते; मी ते घामाने होते असे समजून दुकानातून नायट्याचे मलम आणून लावतो आणि चार दिवसांत ते बरे होते, म्हणून डॉक्टरांना दाखवण्याचे कधी मनातही आले नाही. हे तेच असू शकते का, आणि आता कसे तपासावे?

प्रतिसाद

असू शकते. नायटा चार दिवसांत जात नाही आणि दर वेळी त्याच जागी परतून चिरा पाडत नाही. पुढच्या वेळी मलम न लावता पहिल्या किंवा दुसऱ्या दिवशीच जाऊन चिरेतील स्रावाची पीसीआर करून घ्या. जखम सुकल्यावर नमुन्यात बहुधा काही सापडत नाही. पत्नीलाही बरोबर न्या.