मदत हवी आहे: शिक्षकांनी मिळून केलेल्या डिजिटल साहित्यावर हक्क कुणाचा? परवाना कोणता लावायचा?

करवीरची_बाई
नमस्कार मंडळी. मी कोल्हापूरजवळ जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. करवीर, पन्हाळा, कागलमधल्या आम्ही काही शिक्षकांनी तिसरी-चौथीसाठी स्वाध्यायपत्रिका, पीपीटी, कवितांची ध्वनिमुद्रणं असं बरंच काही केलंय. सगळं एका गूगल ड्राइव्हवर. लिंक शिक्षण परिषदेत दिली, तिथून ती व्हॉट्सअ‍ॅपवर सुटली. आता एका खासगी क्लासच्या पुस्तिकेत आमच्याच पत्रिका, वर त्यांचा शिक्का. शाब्दिक उदाहरणांतली आमच्या पोरांची नावंसुद्धा तशीच!

वापरायला ना नाही हो, त्यासाठीच तर केलंय. पण नाव पुसून विकायचं म्हणजे काय? आता सगळ्यावर क्रिएटिव्ह कॉमन्स परवाना (ठरलेल्या अटी पाळून कुणीही वापरा, अशी आधीच दिलेली परवानगी) लावावा म्हणतोय. अडचण अशी की ड्राइव्हवर सरमिसळ आहे. पन्हाळ्याचे फोटो काही आमचे, काही नेटवरचे. कविता बालभारतीतल्या, आवाज आमचा. शिवाय एक सर म्हणतात, आपण पगारी नोकर, हक्क आपला नाहीच. खरं आहे का हे?

झेरॉक्सवाला_वकील
सर अर्धे बरोबर आहेत. कॉपीराइट कायदा १९५७, कलम १७: नोकरीचा भाग म्हणून केलेल्या कामाचा पहिला हक्क, वेगळा करार नसेल तर, नोकरी देणाऱ्याचा. पत्रिका बनवणं हे तुमचं नेमून दिलेलं काम की सुट्टीतली हौस, यावर वाद घालता येईल. त्यात पडू नका. गटशिक्षणाधिकाऱ्यांमार्फत जिल्हा परिषदेची लेखी ना-हरकत मागा, मग परवाना लावा.

पण कलम ५७ विसरू नका. हक्क कुणाकडेही गेला तरी कृती माझी आहे असं सांगण्याचा अधिकार कर्त्याकडेच राहतो. क्लासला पत्र लिहिताना हेच कलम घाला. नोंदणी केली नाही म्हणून हक्क नाही, असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. कृती तयार झाली की कॉपीराइट आपोआप येतो.

राधानगरी_एसटी
कवितांचं जरा जपून. वर्गात शिकवताना प्रती काढायला कलम ५२ सूट देतं, दिल्ली विद्यापीठाच्या झेरॉक्स प्रकरणात (पुस्तकांतली पानं झेरॉक्स करून विद्यार्थ्यांना देण्याबद्दलचा खटला) उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये ती बरीच सैल केली. पण यूट्यूबवर सगळ्या जगासाठी टाकणं म्हणजे वर्गातलं शिकवणं नव्हे. कवी गेल्यानंतर ६० वर्षं हक्क राहतो. बालकवी १९१८ साली गेले, त्यांच्या कविता बिनधास्त म्हणा. कुसुमाग्रज १९९९ साली गेले, म्हणजे २०५९ संपेपर्यंत परवानगी लागणार. आणि जे आपलं नाही त्यावर आपण परवाना लावू शकत नाही, आवाज कितीही गोड असो.

करवीरची_बाई
धन्यवाद दोघांना. मग नेटवरचे फोटो वगळूनच टाकतो, जाऊन आपले नवे काढतो, पन्हाळा काय लांब आहे! क्लासवाल्यांना रोखायला एनसी, म्हणजे धंद्यासाठी वापर नको ही अट, लावू का?

झेरॉक्सवाला_वकील
लावा, पण विचार करून. बाय म्हणजे कर्त्याचं नाव द्या, एसए म्हणजे त्यात बदल करून केलेलंही त्याच परवान्याने द्या. बाय-एनसी-एसए लावलेलं साहित्य बाय-एसए साहित्यात मिसळता येत नाही, आणि एनसीईआरटीच्या एनआरओईआर या खुल्या शैक्षणिक साहित्याच्या संकेतस्थळावर बाय-एसए चालतो. माझं मत साधा बाय. क्लासने वापरलं तरी तुमचं नाव छापावंच लागेल. एकदा दिलेला परवाना मागे घेता येत नाही, हेही सगळ्यांना आधी सांगा.

राधानगरी_एसटी
मी असहमत. फुकट केलेल्यावर दुसऱ्याने फी उकळायची, हे मला तरी पटत नाही. मी एनसीच लावीन. बाकी पोरांची खरी नावं आणि फोटो आधी काढा, त्याला पालकांची संमती लागते, परवाना कोणताही असो.

करवीरची_बाई
नावं आज रात्रीच बदलते. शेवटचं एक: गटातल्या काही जणांची बदली झालीये, एक मॅडम निवृत्त झाल्यात. त्यांचीही सही लागेल का?

झेरॉक्सवाला_वकील
ज्यांनी ज्यांनी काम केलंय त्या प्रत्येकाची. व्हॉट्सअ‍ॅपवरच्या अंगठ्यावर भागवू नका, कागदावर घ्या.