फारकत झालेल्या बायकोला फौजीच्या पेन्शनमध्ये वाटा मिळावा का?

निवृत्त शिक्षिका, मेहकर तालुका
आमच्या भागात फौजेत गेलेल्या मुलांची शेती बहुतेक घरांत बायकाच ओढतात. नवरा सीमेवर असताना सोयाबीनच्या पेरणीपासून सोसायटीच्या कर्जाचे नवे-जुने करण्यापर्यंत सारे तिच्याच अंगावर पडते, आणि सातबारा मात्र सासऱ्याच्या नावावर असतो. पुढे नवरा पेन्शन घेऊन परतला आणि फारकत झाली, तर तिला मिळते ती फक्त खावटी म्हणजे पोटगी, तीही कोर्ट ठरवील तेवढी. अमेरिकेत १९८२ च्या कायद्यामुळे तेथील राज्यांच्या न्यायालयांना सैनिकाची पेन्शन ही संसारात कमावलेली मालमत्ता मानून वाटता येते. आपल्याकडेही संसार आणि नोकरी जितकी वर्षे सोबत चालली, त्या प्रमाणात बायकोला पेन्शनचा वाटा हक्काने मिळाला पाहिजे.

माजी हवालदार, चिखली तालुका
बाई, आपल्याबद्दल आदर ठेवून विरोध नोंदवतो. शिपाई चाळिशीच्या आगेमागे घरी येतो आणि त्याच पेन्शनवर म्हातारे आईवडील, मुलांचे शिक्षण आणि स्वतःचे उरलेले आयुष्य चालवतो. त्यातही बरेच जण निम्म्यापर्यंत पेन्शन विकून, म्हणजे दरमहाचा तेवढा भाग सोडून त्याबदली एकरकमी पैसे घेऊन, घर बांधतात, आणि विकलेला भाग १५ वर्षांनी पूर्ववत होईपर्यंत हाती पडते ती कापलेली रक्कम. शिवाय ज्या अमेरिकेचा दाखला आपण दिला, तेथेच अपंगत्वाची भरपाई मिळावी म्हणून सैनिकाने सोडून दिलेली पेन्शन वाटता येत नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये दिला आहे. तिने दुसरे लग्न केले तर खावटी बंद करून घेता येते; एकदा दिलेला वाटा मात्र दुसऱ्याच्या संसारात जात राहणार, हे कोणत्या न्यायात बसते?

वकील, यवतमाळ
पेन्शनला कोर्टाचा हात लागत नाही, असे तालुक्याच्या कोर्टात आजही छातीठोकपणे सांगितले जाते, म्हणून लिहितो. १८७१ च्या पेन्शन कायद्याचे कलम ११ पेन्शनला धनकोपासून, म्हणजे कर्जाची वसुली मागणाऱ्यापासून, संरक्षण देते. खावटी मागणारी पत्नी ही धनको नव्हे, असे सांगून मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने खावटीसाठी पेन्शनची जप्ती मान्य केली आहे. खरी अडचण वसुलीची आहे. फौजदारी कायद्याखालच्या खावटीची थकबाकी मागायची, तर रक्कम देय झाल्यापासून वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो, आणि मजुरी बुडवून एसटीने तारखांना येणाऱ्या बाईची ही मुदत सहज निघून जाते. हिंदू विवाह कायद्याच्या कलम २५ नुसार नवऱ्याच्या स्थावर मालमत्तेवर खावटीचा बोजा चढवता येतो खरा, पण जमीन वडिलांच्या नावावर असली की त्या तरतुदीचा उपयोग शून्य.

निवृत्त शिक्षिका, मेहकर तालुका
हवालदारसाहेब, दुसरे लग्न केले म्हणून तिने आधी उपसलेले कष्ट पुसले जातात का? आपण नोकरी सोडून दुसरा धंदा काढला, तरी सरकार आपली पेन्शन थांबवत नाही. आणि उद्या नवरा वारला, तर कुटुंब निवृत्तिवेतन फारकत झालेल्या बायकोला मिळत नाही. त्याने रीतसर दुसरे लग्न केले असेल, तर ते त्या पत्नीला मिळते. ज्या वर्षांच्या नोकरीवर ते उभे आहे, त्या वर्षांत घर पहिलीने सांभाळलेले असते.

माजी हवालदार, चिखली तालुका
मृत्यूनंतरचा आपला मुद्दा वजनदार आहे, त्यासाठी नियम बदलावा असे मलाही वाटते. मात्र वाटणी करायचीच असेल, तर ती निवृत्तीच्या वेळी मिळणाऱ्या ग्रॅच्युइटीची आणि विकलेल्या पेन्शनच्या एकरकमी पैशांची करावी, तडजोडीत तेथेच हिशेब मिटवावा, आणि त्या पैशांतून तिच्या नावावर एखादा एकर घेऊन द्यावा. दरमहाच्या पेन्शनला कायमचा वाटेकरी जोडण्यास माझा विरोध कायम आहे.

वकील, यवतमाळ
तडजोडीत तसे लिहून घेता येते, आणि आम्ही घेतोही. फक्त पेन्शन विकून आलेला पैसा फारकतीआधीच घरात गेलेला असतो, आणि ते घरसुद्धा सासऱ्याच्याच जागेवर बांधलेले असते.