मदत हवी आहे : नवा प्रोटीन स्किमर सारखा उतू जातो आहे, रुळायचा आहे की माझेच काही चुकते आहे?

खारपाणी (मूळ प्रश्न)

नमस्कार मंडळी,

प्रश्न प्रोटीन स्किमरचा आहे, म्हणजे खाऱ्या टाकीतल्या पाण्यात हवा घुसळून त्यातली घाण फेसाबरोबर मानेतून वरच्या कपात काढणाऱ्या यंत्राचा.

मी अमरावती जिल्ह्यात, दर्यापूर तालुक्यातल्या एका खेड्यात राहतो. गोड्या पाण्यातले मासे सहा वर्षांपासून पाळतो आहे. खाऱ्या पाण्याची पहिली टाकी मात्र गेल्या दिवाळीनंतर मांडली. आमचे गाव पूर्णेच्या खारपाण पट्ट्यात येत असल्यामुळे ‘मीठ विकत कशाला आणतोस, बोअरचेच पाणी ओत’ हा सल्ला मला गावातल्या बहुतेकांनी देऊन झाला आहे. बोअरचे पाणी खारट लागले तरी ते समुद्राचे पाणी नव्हे आणि समुद्रात लिटरमागे सुमारे ४२० मिलिग्रॅम कॅल्शियम व १३०० मिलिग्रॅमच्या आसपास मॅग्नेशियम असते तसा मेळ त्यात नसतो, हे पारावर समजावून सांगणे मी आता सोडून दिले आहे. आरओचे पाणी घेऊन त्यात लिटरला साधारण ३५ ग्रॅम या हिशेबाने समुद्री मीठ कालवतो.

टाकी चार फूट लांब आणि दीड-दीड फूट रुंद व उंच आहे. खाली ७५ बाय ३५ सेंटिमीटर तळाचा संप आहे (वरचे पाणी ज्यात उतरते आणि पंपाने पुन्हा वर जाते ती खालची टाकी) आणि दोन्ही मिळून प्रत्यक्षात २२० लिटरच्या आसपास पाणी बसते. क्लाऊन माशांची एक जोडी, चार गोगलगायी, एक कोळंबी आणि १८ किलो खडक एवढाच संसार आहे. माशांच्या घाणीतून होणारी अमोनिया आणि नायट्राइट ही विषारी द्रव्ये दोन महिन्यांपासून शून्यावर आहेत. नायट्रेट चढू लागले म्हणून ४०० लिटरपर्यंतच्या टाकीला चालेल असा सुईचक्राच्या (हवेचे बारीक बुडबुडे करणाऱ्या) पंपाचा स्किमर मागवला. तो बसवून आज दहा दिवस झाले आहेत.

बसवण्यापूर्वी बादलीभर कोमट पाण्यात पांढरे व्हिनेगर घालून तो त्यात दोन तास चालवला, नंतर साध्या पाण्याने धुतला. साबण लावला नाही. पुस्तिकेत स्किमर उभा राहतो तेथे संपातल्या पाण्याची खोली १६ ते २० सेंटिमीटर ठेवा असे आहे, म्हणून मी ती १८ ठेवली. पहिले तीन दिवस आतल्या नळकांड्यात दुधासारखे बारीक बुडबुडे दिसत होते, परंतु मानेपर्यंत फेस चढतच नव्हता. नवा स्किमर रुळायला आठवडा-दोन आठवडे घेतो, हे वाचून ठाऊक होते, म्हणून त्याची काळजी केली नाही.

चौथ्या रात्री वीज गेली. आमच्याकडे चैत्र लागला की हे नेहमीचेच असते. पाऊण तासाने लाईन आली आणि पाचच मिनिटांत कप काठोकाठ भरला. कपाच्या बुडाची नळी मी सुरुवातीपासूनच बादलीत सोडून ठेवली होती म्हणून फरशी वाचली. बादलीत मोजून तीन लिटर पाणी निघाले. ते काळे किंवा चहाच्या रंगाचे नव्हते, जवळजवळ स्वच्छ पाणीच होते. तेव्हापासून आजपर्यंत असे सहा वेळा झाले आहे. दर वेळी बादली मोरीत रिकामी करावी लागते, कारण पहिल्या दिवशी मी ती तुळशीजवळ ओतली आणि आईने त्यावरून जे ऐकवले ते येथे लिहिण्यासारखे नाही.

वीज गेल्यावरच हे होते असे म्हणावे, तर रविवारी संध्याकाळी वीज असतानाही स्किमर उतू गेला आणि तोही थांबेचना. शेवटी अकरा वाजता मी त्याचा पंप बंद करून झोपलो. त्या दिवशी दुपारी मी ३० लिटर पाणी बदलले होते, पण ते नेहमीच्याच पद्धतीने, म्हणजे आरओचे पाणी, त्यात मीठ, टोपणभर क्लोरीन काढायचे औषध आणि रात्रभर ढवळणारा पंप. त्यात नवीन असे काही नव्हते. सोमवारी दिवसभर स्किमर पुन्हा उतू जात राहिला, मंगळवारपासून थोडा शांत आहे आणि आता उलट संध्याकाळच्या सुमारास त्यात फेसच राहत नाही.

आणखी दोन गोष्टी सांगून ठेवतो. पाणी २७ अंशांच्या वर जाऊ नये म्हणून संपावर टेबल पंखा सोडला आहे आणि त्यामुळे रोज चारेक लिटर पाणी उडते. ते मी रात्री जेवणानंतर आरओच्या पाण्याने एकदाच भरून काढतो. दुसरे असे की सापेक्ष घनता (तिच्यावरून पाण्यातले मीठ कळते) १.०२५ होती, ती काल मोजली तेव्हा १.०२३ निघाली. मीठ कुठे गेले हे मला कळलेले नाही.

माझा प्रश्न असा : हे सगळे रुळण्याच्या काळातलेच आहे आणि मी आणखी आठवडाभर गप्प बसावे, की खोली, हवेचा नळ, बाहेर पाणी सोडण्याची चावी यांपैकी काही फिरवावे? या दहा दिवसांत मी चावी किमान पंधरा वेळा फिरवली असेल आणि आता ती मुळात कुठे होती हेही आठवत नाही.

काचबंद (प्रतिसाद)

प्रश्न इतक्या तपशिलाने लिहिल्याबद्दल आधी आभार मानतो, कारण उत्तराचा मोठा भाग आपल्याच मजकुरात आहे. माझ्या मते आपल्या स्किमरला एकाच वेळी तीन गोष्टी छळत आहेत आणि रुळणे ही त्यांतली सर्वांत किरकोळ आहे.

रुळण्याचे म्हणाल तर, कारखान्यातून आलेल्या प्लास्टिकवर साच्याचे तेलकट अंश असतात आणि पृष्ठभाग कोरा असतो. अशा कोऱ्या भिंतीवर फेस तग धरत नाही, तो फुटतो. काही दिवसांनी आतून अतिशय पातळ, बोटाला बुळबुळीत लागणारा थर बसतो आणि मग फेस मानेत टिकू लागतो. नव्या बिडाच्या तव्यावरची पहिली दोन धिरडी चिकटतातच, त्यातलाच हा प्रकार. तेव्हा पहिल्या तीन दिवसांत फेस न चढणे हे खरोखर रुळण्यातले होते.

चौथ्या रात्रीचे मात्र तसे नाही. वीज गेली की वरच्या टाकीतले पाणी परतीच्या पाइपातून (ज्यातून पंप पाणी वर चढवतो) आणि ओव्हरफ्लोमधून (वरचे पाणी सांडण्याच्या वाटेने) संपात उतरते. आपल्या संपाच्या तळाचे क्षेत्रफळ २६२५ चौरस सेंटिमीटर होते. म्हणजे वरून १२ लिटर उतरले तरी पातळी साडेचार सेंटिमीटरने चढते. अठराचे साडेबावीस झाले. आता लाईन येते तेव्हा दोन्ही पंप एकाच क्षणी सुरू होतात आणि संप उपसला जाण्याआधीच बुडालेला स्किमर फेसाऐवजी पाणीच कपात फेकतो. कपातले पाणी स्वच्छ होते, यावरून हे उघड आहे. गुऱ्हाळात रसावरची मळी काढणारा झारी रसातच बुडवून बसला तर त्याच्या हाती रसच येणार.

मिठाचा हिशेबही येथेच लागतो. पंख्याने उडते ते फक्त पाणी, मीठ मागे राहते. म्हणून तेवढी भर आरओच्या पाण्याने घालणे बरोबर आहे. बादलीत पडते ते मात्र खारे पाणी असते. सहा वेळा तीन लिटर म्हणजे १८ लिटर खारे पाणी आपण मोरीत ओतले आणि त्याच्या जागी बिनमिठाचे भरले. २२० लिटरांत हे सुमारे आठ टक्के होतात आणि १.०२५ वरून १.०२३, म्हणजे गोड्या पाण्याच्या १.००० च्या वरचे २५ चे २३ होणे, हीसुद्धा मिठाची साधारण आठ टक्क्यांचीच घट आहे. क्षार कमी झाले की बुडबुडे मोठे होतात आणि फेस आणखी दुबळा होतो. गोड्या पाण्यात स्किमर का चालत नाही, याचेही हेच मुख्य कारण आहे.

संध्याकाळी फेस मरण्याचे कारण पंखा. रोज चार लिटर उडतात म्हणजे दीड सेंटिमीटर पाणी उतरते. सकाळी १८ असलेली खोली रात्रीच्या भरण्यापूर्वी साडेसोळावर येते आणि आपण नेमकी त्याच वेळी चावी फिरवता. मग भर पडताच सगळे गणित पुन्हा वर जाते.

राहिला रविवार. ‘नेहमीच्याच पद्धतीने’ असे लिहून आपण जे औषध सहज सांगून गेलात तेच कारण आहे, असे मला वाटते. गोड्या पाण्याच्या टाकीसाठी मिळणाऱ्या क्लोरीनच्या औषधांपैकी बऱ्याचशांत माशांच्या अंगावरचा बुळबुळीत थर टिकवणारे पदार्थ असतात आणि ते पाण्यात पडले की स्किमर दिवस-दोन दिवस वेड्यासारखा फेसाळतो. आतापर्यंत आपल्याकडे स्किमर नव्हता, म्हणून ते दिसले नाही. आपल्या आरओत कार्बनचा फिल्टर असेल तर क्लोरीन तेथेच जाते, औषधाची गरजच उरत नाही.

उपाय मी असे करीन. चावी पूर्ण उघडी ठेवावी म्हणजे आतली पातळी सर्वांत खाली राहील आणि दहा दिवस तिला हात लावू नये. संपात काचेची एक आडवी पट्टी सिलिकॉनने बसवून स्किमरसाठी वेगळा कप्पा करावा, म्हणजे पट्टीच्या उंचीइतके पाणी तेथे कायम राहते आणि चढउतार फक्त परतीच्या पंपाच्या कप्प्यात होतो. सिलिकॉन बुरशीनाशक नसलेले घ्यावे आणि ते पूर्ण वाळल्याशिवाय पाणी भरू नये. परतीच्या पाइपाला पाण्याच्या पातळीच्या किंचित खाली एक छोटे छिद्र पाडले तर वीज गेल्यावर तेथून हवा शिरते आणि पाणी उलटे ओढले जाणे लवकर थांबते. हे छिद्र शेवाळाने बुजते, म्हणून महिन्याला एकदा काडी घालून साफ करावे. स्किमरचा पंप फ्रिजला लावतात तसल्या टाइम डिलेच्या स्टॅबिलायझरवर घेतला तर तो लाईन आल्यानंतर सुमारे तीन मिनिटांनी सुरू होईल. तोवर संप उपसला गेलेला असेल.

घनता एकदम वर नेऊ नका. चार-पाच दिवस रोजची भर थोड्या खाऱ्या पाण्याने घाला, म्हणजे ती हळूहळू चढेल.

ओसरीवरून (प्रतिसाद)

वरच्या उत्तरात भर घालण्यासारखे फारसे नाही, पण एक गोष्ट खेड्यातल्या माणसाला विचारलीच पाहिजे. टाकी कोणत्या खोलीत आहे? स्किमर रात्रंदिवस त्याच खोलीतली हवा ओढून पाण्यात घुसळतो. त्या खोलीत फवारणीचा पंप किंवा औषधाचे डबे ठेवलेले असतील, अथवा रात्री मच्छर अगरबत्ती लागत असेल, तर ते सरळ पाण्यात जाते. अगरबत्तीतली पायरेथ्रॉइड वर्गातली द्रव्ये माशांना वाईट आणि कोळंबीला तर त्याहून वाईट. माझ्याकडे हवेची नळी खिडकीच्या चौकटीला भोक पाडून बाहेर काढली आहे. त्याचा आणखी एक फायदा असा झाला की बंद खोलीत रात्री उतरणारा पीएच आता तेवढा उतरत नाही. अर्थात कपाशीच्या फवारणीच्या दिवसांत ती नळी पुन्हा आत घ्यावी लागते.

तसेच डोक्याला तेल लावून टाकीत हात घालू नका. तेलाचा एक थेंबसुद्धा फेस तासन्तास बसवतो.

खारपाणी (मूळ प्रश्नकर्ता)

दोघांचेही मनःपूर्वक आभार. मधे बारा दिवस गेले, त्यामुळे उत्तराला उशीर झाला.

टाकी माजघरात आहे आणि दाराआड फवारणीचा पंप खरोखरच टांगलेला होता. तो गोठ्यात हलवला. मच्छर अगरबत्ती बंद करून मच्छरदाणी लावली आहे. औषधाची बाटली गोड्या पाण्याच्या टाकीकडे नेऊन ठेवली. काचेची पट्टी तालुक्याच्या गावाहून १८ सेंटिमीटर उंचीची कापून आणली आणि संप रिकामा करून बसवली. तेवढे दोन दिवस मासे वरच्या टाकीत केवळ एका हवेच्या पंपावर काढले. पाइपाला छिद्र पाडल्यावर मुद्दाम बटण बंद करून मोजले, तेव्हा पूर्वी १२ लिटर उतरत होते तेथे आता पाच उतरले. फ्रिजचा जुना स्टॅबिलायझर घरातच पडून होता, तो स्किमरला लावला.

त्यानंतर वीज सात-आठ वेळा गेली. कप एकदाही उतू गेला नाही. घनता १.०२५ वर आली आहे. पट्टी बसवल्यानंतर पाचव्या दिवशी मानेच्या आतल्या बाजूला पिवळसर तपकिरी कडे धरू लागले आणि काल सकाळी कपात दोन बोटे, कोऱ्या चहाच्या रंगाचे पाणी जमले होते. झाकण उघडताच आई स्वयंपाकघरातून ‘काय सडलं?’ म्हणून विचारत आली.

एकच शंका उरली आहे. मानेतले ते कडे रोज पुसावे का, आणि चावी आता अर्धा फेरा फिरवून फेस थोडा वर घ्यावा का?

काचबंद (प्रतिसाद)

मान दोन-तीन दिवसांनी ओल्या फडक्याने पुसत जा, कारण तेथे चिकट थर साचला की फेस वर चढायचा थांबतो; कपाच्या खालचा, नळकांड्याच्या आतला भाग मात्र घासू नका, तोच तर आता रुळला आहे. चावीला आणखी आठवडाभर हात लावू नका. मग फिरवायची झाली तर पाव फेरा फिरवा, ती आधी कुठे होती तेथे मार्करने रेघ ओढून.