सर्सी की किरुके? ग्रीक नावं मराठीत लिहायची कशी?

प्रश्न: मुलगी जपानी शिकते आहे. तिच्या ग्रीक पुराणकथांच्या पुस्तकात 'किरुके' नावाची चेटकीण भेटली. बऱ्याच वेळाने उलगडलं, ही तर इंग्रजीतली सर्सी! मग खरं नाव कोणतं?

उत्तर: ग्रीकमध्ये ती 'किर्के', म्हणजे जपानी रूपच जवळचं. रोमन लोकांनी ग्रीक 'क' सी या अक्षराने लिहिला आणि तो 'क'च उच्चारला. पुढे इ-ए या स्वरांआधीचा हा 'क' बदलत गेला आणि फ्रेंचमार्गे इंग्रजीत 'स' होऊन आला. केर्बेरोस या कुत्र्याचा सर्बरस झाला तोही असाच. जपानी अभ्यासक बहुधा थेट ग्रीकवरून लिहितात, म्हणून 'केरुबेरोसु'. जास्तीचे उकार लिपीमुळे येतात, कारण परकी नावं लिहायच्या काताकाना या जपानी लिपीत 'न' सोडला तर सुटं व्यंजन लिहिता येत नाही. ल आणि र यांत भेदही नाही, त्यामुळे हेराक्लेस 'हेराकुरेसु' होतो.

अपवाद आहेत. कथेतला वीर अकिलीज जपानीत 'अकिरेउसु', पण टाचेमागच्या कंडरेला जपानीत 'अकिरेसु-केन' म्हणतात. ते लॅटिन वळणाचं रूप.

प्रश्न: मराठीत अथीना लिहू की अथेना?

उत्तर: अथेना. शहराला आपण अथेन्स म्हणतोच, मग देवीचं नाव इंग्रजीवरून कशाला घ्यायचं? शिवाय प्राचीन ग्रीकमधले थ, फ, ख आपल्यासारखेच महाप्राण होते. रोमनांनी तो हकार दाखवायला टी, पी, सी यांच्यापुढे एच जोडला. इंग्रजीत एच उरला, हकार गेला. जपानीत तर महाप्राण नाहीतच. आपल्याकडे मात्र 'अफ्रोदीते' सरळ लिहिता येतं, फक्त त्यातला फ 'फूल'मधला, 'फॅन'मधला नव्हे. अकिलीजचं मूळ नाव 'अखिल्लेउस'. किती सहज बसतं ते देवनागरीत! मला याचा फार आनंद वाटतो.

प्रश्न: म्हणजे देवनागरीत सगळंच बसतं?

उत्तर: नाही. 'हेलेने' घ्या. तिन्ही ए आपण सारखेच लिहितो, पण ग्रीकमध्ये पहिले दोन ऱ्हस्व आणि शेवटचा दीर्घ. आपल्याकडे ऱ्हस्व ए-साठी वेगळं चिन्ह नाही. जपानीत दीर्घ स्वरापुढे आडवी रेघ देतात.

— आत्ताच मुलीचं पुस्तक उघडून पाहिलं. 'हेरेने'च्या शेवटी रेघ आहे.