मदत हवी आहे: निपाणीचं लायसन्स मे २०२६ ला संपतंय, मी इंग्लंडात

नमस्कार मंडळी. मी मूळचा निपाणीचा, सध्या बर्मिंगहॅमला असतो. चिक्कोडी आरटीओचं लायसन्स आहे, २००६ सालचं, वीस वर्षांचं. येत्या मे महिन्यात संपतंय. वय ४२. इथे राहायला आल्यावर भारतीय लायसन्सवर १२ महिनेच गाडी चालवता येते, म्हणून परीक्षा देऊन इथलंही काढलंय (दुसऱ्या खेपेला पास, पहिल्यांदा राउंडअबाउटनं घात केला). जुनं कुणी काढून घेतलं नाही, पाकिटातच आहे.

ते चालू ठेवायचंय, कारण गावी आलो की आण्णांची ओम्नी माझ्याच हातात असते. आईला कोल्हापूरला डोळे दाखवायला न्या, येताना अंबाबाई, दुसऱ्या दिवशी मामाकडे संकेश्वरला. आण्णांनी अंधारात चालवणं सोडलंय.

गेल्या गणपतीत आलो तेव्हाच रिन्यू करता आलं असतं, पण तारीख बघतो कोण! आता थेट दिवाळीत येणं.

दुसरं म्हणजे पत्ता. लायसन्सवर 'ता. चिक्कोडी, जि. बेळगाव' आहे. आता निपाणीच तालुका झालाय आणि आधारवर 'बेळगावी' आहे. घर तेच, उंबरा तोच. यावरून अडवतील का?

त्यात कोल्हापूरचा एक एजंट आण्णांना म्हणाला, "कागलातला कुणाचाही पत्ता लावू, एमएचमधनं करून टाकू, पोरानं यायची गरज नाही." आण्णा अर्धे तयार! आम्हा सीमाभागातल्यांना निदान लायसन्स तरी महाराष्ट्रात गेलं याचाच आनंद. मला मात्र पटत नाही. काय करू?

प्रतिसाद:
कागल विसरा. जिथं राहत नाही तिथला पत्ता दाखवणं म्हणजे खोटी माहिती देणं, उद्या अपघात झाला तर विमा कंपनी पहिलं तेच उकरेल. मुदत संपल्यावर वर्षाच्या आत अर्ज केला तर पुन्हा टेस्ट द्यावी लागत नाही, म्हणजे तुमची दिवाळी आरामात बसते. चाळिशी ओलांडलीय, तेव्हा फॉर्म १ए वर, म्हणजे वैद्यकीय दाखल्यावर, डॉक्टरची सही लागेल. गावात उतरल्या उतरल्या तेवढं उरकून घ्या. पत्ता बदलायचा अर्ज रिन्यूअलसोबतच टाका. नवीन लायसन्स दहा वर्षांचं मिळेल.

पण मे नंतर त्या जुन्या कार्डावर ओम्नीला हात लावू नका. पूर्वी ३० दिवसांची सवलत होती, मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीत ती गेली. तिकडून निघताना आंतरराष्ट्रीय परमिट काढून आणा, १९४९ च्या रस्ते वाहतूक करारातलं, साडेपाच पौंड, वर्षभर चालतं. नवं भारतीय लायसन्स हातात येईपर्यंत ते आणि ब्रिटिश लायसन्स जोडीनं जवळ ठेवा.

धागाकर्ता:
धन्यवाद! परमिटचं डोक्यातच नव्हतं. आण्णांना फोन केला. "बरं, मग चिक्कोडीलाच जाऊ," म्हणाले, जरा खट्टू झाले.